जोडप्याला समोरासमोर बसवू नका

पत्र

सलाम. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमची मंडळी लहान, साठ-सत्तर कुटुंबांची. मी शाळेत शिकवते. समुपदेशनाची पदविका केली, तेव्हापासून पाळकसाहेबांनी स्त्रियांच्या अडीअडचणी माझ्याकडे सोपवल्यात. सहा महिन्यांपासून एक बहीण माझ्याकडे येते. नवरा मारतो. गेल्या आठवड्यात गळा दाबला. तो चर्च कमिटीत आहे, देणगीत पुढे असतो, उपासनेत साक्षही देतो. पाळकांचं म्हणणं, दोघांना एकत्र बसवा, प्रार्थना करा, घरातलं घरात मिटवा. विश्वासणाऱ्यांनी कोर्टकचेरी करू नये. ती मला विचारते, "ताई, मी घर सोडलं तर देवाचं वचन मोडल्यासारखं होईल का?" मला उत्तर देता येत नाही. कुठली संस्था, कुणी मार्गदर्शक, काही प्रशिक्षण मिळेल का? मी फार एकटी पडलेय. आणि हो, तो नवरा रविवारी मला गाठून विचारतो, "बायको तुमच्याकडे काय काय बोलते?" त्याला काय सांगू?

– एक भगिनी

उत्तर

सलाम, ताई.

"गळा दाबला" हे तुम्ही इतर वाक्यांच्या ओघात लिहून गेलात. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याबद्दल बोलू. थप्पड मारणं आणि गळा दाबणं या एका मापाच्या गोष्टी नाहीत. जो नवरा एकदा गळ्यापर्यंत पोचला, त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो, हे या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण जाणतो. शिवाय गळ्यावर वळ उठतीलच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत रक्ताचे ठिपके दिसणं, चक्कर येणं हे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी सुरू होतं. तिला तातडीने सरकारी दवाखान्यात घेऊन जा. डॉक्टरांना "पडले" म्हणून नाही, "नवऱ्याने गळा दाबला" असंच सांगायचं आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करायला लावायची. तो कागद उद्या तिच्या बाजूने बोलेल.

मग तिला, ती एकटी असताना, एवढं विचारा. मार आधीपेक्षा वाढलाय का? "ठार मारीन" म्हणतो का? चाकू, कोयता, रॉकेल मध्ये आलंय का? दिवस गेलेत का? ती घर सोडणार याची त्याला कुणकुण लागलीय का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बाई निघायच्या बेतात असते किंवा नुकतीच निघालेली असते, तेव्हाच धोका शिगेला असतो. म्हणून "निघ" असं घाईने म्हणू नका आणि "राहा" असंही म्हणू नका. निघायचं ठरलंच तर कधी, कुठे, कुणाबरोबर, मुलं शाळेत असताना की घरी, हे आधी तिच्याबरोबर बसून ठरवा. आणि तिच्याच तोंडी "आता जगावंसं वाटत नाही" असं आलं, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

एक पिशवी तयार ठेवायला सांगा, पण तिच्या घरात नको. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, औषधं, थोडे पैसे. मूळ कागद काढले तर त्याला कळेल अशी भीती असेल, तर फोटो काढून एखाद्या विश्वासू माणसाकडे ठेवायचे. इथे एक गोष्ट तुमच्या मंडळीच्या हातात आहे, जी बाहेरच्या कुठल्याही संस्थेच्या हातात नाही. ख्रिस्ती लग्नाचा पुरावा चर्चच्या रजिस्टरमध्ये असतो. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार ते रजिस्टर ठेवावंच लागतं आणि त्यातल्या नोंदीची प्रमाणित प्रत कोर्टात चालते. नवऱ्याने दाखला दडवून ठेवला तरी पाळक तिला नवी प्रत देऊ शकतात. बाप्तिस्म्याच्या दाखल्याचंही तेच. पाळकसाहेबांना दुसरं काही करवत नसेल, तर निदान हा कागद त्यांनी गाजावाजा न करता द्यावा.

आता त्यांच्या सल्ल्याकडे. दोघांना एकत्र बसवू नका. हे मी अगदी ठाम सांगते, कारण आपल्याकडे सगळ्यांत जास्त नुकसान याच चांगुलपणातून होतं. भांडणात दोघं बोलू शकतात, म्हणून भांडणात मध्यस्थी चालते. मारहाणीत एक जण दुसऱ्याला घाबरलेला असतो. तुमच्यासमोर ती खरं बोलली तर त्याची किंमत त्या रात्री घरी मोजेल. खोटं बोलली तर तुमच्या बैठकीचा निष्कर्ष "दोघांचंही थोडं थोडं चुकतं" असा निघेल. तो मात्र तिथे डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करेल आणि घरी जाताना त्याच्याकडे पाळकांचं प्रमाणपत्र असेल.

आपल्या कायद्यालाही हे उमगलेलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली 2006 साली जे नियम झाले, त्यातला 14 वा नियम समुपदेशनाचा. त्यात स्पष्ट म्हटलंय की नवऱ्याला हिंसेचं समर्थन करता येणार नाही आणि हे त्याला बैठकीआधीच सांगायचं. "ती उलट बोलली म्हणून" हे वाक्य तिथे चालतच नाही. त्याच्या आधीच्या नियमात समुपदेशक कोण नसावा तेही आहे: नातेवाईक किंवा प्रकरणात हितसंबंध असलेला माणूस. ज्या माणसाच्या देणगीवर चर्चच्या छपराचं काम चाललंय त्याच्या घरचा तंटा त्याच चर्चच्या कमिटीने सोडवायचा, हे कोर्टालाही पटणार नाही, ताई.

"कोर्टकचेरी" या एका शब्दात पाळकसाहेबांनी बरंच काही गुंडाळलंय, ते जरा सोडवून घेऊ. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखाच लागू आहे. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही, घर सोडावं लागत नाही, एफआयआरसुद्धा आधी लागत नाही. मारहाणीबरोबर लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ, अपमान, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं हे सगळं त्यात हिंसा म्हणून मोजलेलं आहे. ज्या घरात ती नांदते त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला हात लावण्यापासून मनाई करू शकतात, गरज पडली तर घराबाहेर राहायला सांगू शकतात, पोटगी, उपचाराचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. निकड असेल तर त्याची बाजू ऐकण्याआधीही अंतरिम आदेश होतो. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत असं म्हटलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे तिला आधीच सांगून ठेवा. खोट्या आशेवर बाई एकदा कोर्टाची पायरी चढली की दुसऱ्यांदा चढत नाही.

हे सुरू करायचं संरक्षण अधिकाऱ्याकडून. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा, तुमच्या तालुक्याला कोण आहे ते कळेल. ते तिच्याकडून माहिती घेऊन घटनेचा अहवाल भरतात. सगळे त्याला डीआयआर म्हणतात. कायद्याचं चौथं कलम खास तुमच्यासाठी आहे: हिंसा होतेय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कुणीही व्यक्ती ही माहिती देऊ शकते आणि सद्हेतूने दिली असेल तर तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. पण तिच्या संमतीशिवाय सहसा देऊ नका. तिच्या आयुष्यात आधीच एक माणूस तिला न विचारता निर्णय घेतोय.

वकिलाची चिंता नको. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, फोन 15100. महिला हेल्पलाइन 181, जिवावर बेतलं तर 112. जिल्ह्याच्या ठिकाणी "सखी" वन स्टॉप सेंटर असतं: तिथे उपचार, पोलीस, वकील आणि काही दिवसांचा निवारा एका छपराखाली मिळतो. गुन्हाच नोंदवायचा झाला तर नवऱ्याच्या क्रूरतेचं जुनं कलम 498-अ आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 85 आहे. ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन बोळवण करू लागले तर एमएलसीचा कागद पुढे करा.

मार्गदर्शक कुठे मिळेल हा तुमचा खरा प्रश्न. माझं उत्तर कदाचित तुम्हाला अपेक्षित नसेल: पहिला मार्गदर्शक चर्चबाहेर शोधा. टाटा समाजविज्ञान संस्थेने (टिस) 1984 साली मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे ते काम राज्यभर पसरलं. पोलिसांच्या आवारात, पण पोलीस नसलेल्या, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या तिथे बसतात आणि हेच काम रोज करतात. तुमच्या जिल्ह्यातल्या कक्षात एकदा स्वतः जा, कुणाची केस न घेता. "मी मंडळीत समुपदेशन करते, अडलं तर तुम्हाला विचारू का?" एवढंच म्हणा. पुण्यात नारी समता मंच आहे, पुरंदर तालुक्याच्या खेड्यांत "मासूम"चं काम आहे. एखाद्या बहिणीला मुंबईत माहेरी पाठवलंत, तर तिथे "दिलासा" केंद्र आहे. सेहत संस्था आणि महापालिकेने ते 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलं, पुढे इतर रुग्णालयांतही झालं.

आपल्यातलेही आहेत. पुण्यातली "स्त्रीवाणी" कॅथलिक सिस्टर चालवतात आणि स्त्रियांचे हक्क, कायदा यावर त्यांचं काम आहे. तुम्ही प्रोटेस्टंट म्हणून त्यांना वावडं नाही. वायडब्ल्यूसीएची वसतिगृहं नोकरी करणाऱ्या बाईला घर सोडल्यावर मोठा आधार ठरतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन काउन्सेलिंग सेंटरमध्ये शिक्षण इंग्रजीतून आहे, पण शाळेच्या सुट्टीत जमत असेल तर चौकशी करून पाहा. आणि केडगावचं मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन 1889 साली काढलं, ते पुढे केडगावला मुक्ती म्हणून वाढलं आणि आजही तिथे निराधार बायका-मुलं राहतात. मराठी ख्रिस्ती समाजात बाईला आसरा देणं ही काही फॉरेनहून आलेली नवी टूम नाही, हे कमिटीत कुणी तसं म्हणालंच तर सांगायला उपयोगी पडेल.

आता तिचा प्रश्न. घर सोडलं तर वचन मोडतं का?

मी धर्मगुरू नाही, पण बायबल वाचते. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद तिथे सहन करत उभा राहिला नाही. मीखलने त्याला खिडकीतून खाली सोडलं आणि तो पळाला. दिमिष्कात पौलाला टोपलीतून तटावरून उतरवलं. नासरेथकरांनी येशूला कड्यावरून ढकलायला नेलं, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला, कारण ती वेळ नव्हती. जिवावर उठलेल्या माणसापासून दूर जाण्याला पवित्र शास्त्र पाप म्हणत नाही. मग एकट्या बायकोनेच भाल्यासमोर उभं राहायचं हे कुठून आलं?

पाळकसाहेब मलाखीचा दुसरा अध्याय काढतील: देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे. त्यांना ते वचन पूर्ण वाचायला सांगा. त्याच 16 व्या ओवीत जुलमाचाही तिटकारा आहे, तो अर्धा भाग लग्नाच्या उपदेशात कधी ऐकू येत नाही. इफिसकरांस पत्रात "स्त्रियांनो, अधीन असा" याच्या आधीची ओवी "एकमेकांच्या अधीन असा" अशी आहे, आणि नंतर नवऱ्यांसाठी जे लिहिलंय ते बायकांसाठीच्या ओव्यांच्या दुप्पट तरी असेल. तीमथ्याला लिहिताना पौल म्हणतो की मंडळीचा अध्यक्ष मारहाण करणारा नसावा. कमिटी मेंबरला हा नियम सूट देतो का, हे मात्र पाळकसाहेबांनाच विचारायला हवं. आणि कोर्टाबद्दल करिंथकरांचा सहावा अध्याय पुढे आला तर तो आपसातल्या क्षुल्लक व्यवहारांविषयी आहे. पौलाला फटके मारायला बांधलं, तेव्हा त्याने स्वतः रोमी नागरिकत्वाचा कायदा पुढे केला आणि शेवटी थेट कैसराकडे दाद मागितली. त्याने कायद्याची मदत घेतली तर ती प्रेषितांच्या कृत्यांत लिहिली जाते, आपल्या बहिणीने घेतली तर मंडळीची बदनामी होते!

घर सोडणं म्हणजे लग्न मोडणं नव्हे, हेही तिला सांगा. तिला घटस्फोट नकोच असेल, तर 1869 च्या घटस्फोट कायद्यात न्यायिक विभक्तता मागता येते; लग्न राहतं, एकत्र राहणं सुटतं. हवाच असेल तर क्रूरता हे कारण पुरेसं आहे. 2001 च्या दुरुस्तीआधी ख्रिस्ती बायकोला नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मिळत नसे, बरोबर व्यभिचारही सिद्ध करावा लागे. अनेक जुन्या पाळकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. (कॅथलिक वाचकांसाठी: चर्चच्या विधिसंहितेत 1153 वं कलम पाहा. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर दूर राहण्याला ते रीतसर कारण मानतं, आणि थांबण्यात धोका असेल तर बिशपच्या परवानगीचीही वाट पाहावी लागत नाही.)

नवऱ्याचं काय? त्याच्यासाठीही प्रार्थना करा, पण वेगळ्या खोलीत, वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या माणसाने. तुम्ही नाही. पुरुषांबरोबर काम करणाऱ्या संस्था आहेत: मुंबईत "मावा", पुण्यात नारी समता मंचाचं पुरुष संवाद केंद्र. दारू असेल तर तिचा इलाज वेगळा करावा लागेल; दारू सुटली म्हणून हात आवरतो असं नाही. साहेबासमोर, पोलिसासमोर, पाळकासमोर प्यायलेला असूनही तो हात उचलत नाही, यातच काय ते आलं. त्याने पश्चात्ताप केला असं कमिटी म्हणू लागली तर जक्कयाची गोष्ट काढा. जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत केलं. याने काय परत केलं? कमिटीची खुर्ची सोडली? बायकोचं एटीएम कार्ड तिला दिलं? ती वेगळी राहते हे मुकाट मान्य केलं? त्याने क्षमा मागितली म्हणून तिने घरी परत जायलाच हवं, असं नाही.

मंडळीत तुम्हाला फौज नकोय, दोन-तीन माणसं पुरेत. एखादी निवृत्त नर्स, एखादी न घाबरणारी म्हातारी, रात्री-अपरात्री रिक्षा काढणारा एखादा भला माणूस. शेजारच्या गावच्या मंडळीतलीही चालतील, उलट बरीच. आणि एक गोष्ट आजच बंद करा: प्रार्थना विनंती. "अमुक ताईंच्या संसारासाठी प्रार्थना करा, परिस्थिती नाजूक आहे" असा निरोप महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की तो संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या मोबाइलवर असतो. नावं न घेताही सत्तर घरांत कळायचं ते कळतंच. तिला तुमचा नंबर दुसऱ्या नावाने सेव्ह करायला सांगा, शिवणवाली, शाळा, काहीही. भेटायचं ते तिच्या घरी नको.

तुमच्या वहीत तारीख, ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, दिसलेल्या जखमा एवढंच लिहा. तुमची मतं नकोत. वही कपाटात कुलपात, चर्चच्या टेबलावर नाही. गुप्ततेला एक अपवाद तिला सुरुवातीलाच सांगून ठेवा: मुलांवर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, तिथे पाळकांचीही सुटका नाही. मुलांसाठी फोन 1098.

तुम्ही एकट्या पडलात असं लिहिलंत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण चारांतल्या एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांतल्या जेमतेम 14 टक्के बायकांनी कुणाची मदत मागितली. 77 टक्के कुणाशी बोलल्याच नाहीत. तुमच्याकडे येणारी ही बहीण त्या 14 मधली आहे, आणि तुमच्या सत्तर घरांत न बोलणाऱ्या आणखी किती असतील याचा हिशोब तुम्हीच करा. हे ऐकून झोप उडते, मला कल्पना आहे. म्हणून महिन्यातून एकदा विशेष कक्षातल्या कुणाशी तरी तुमच्या स्वतःच्या मनाबद्दल बोला, नावगाव न सांगता. ती परत त्याच्याकडे गेली तर खचू नका, रागावूही नका. अनेक बायका अनेकदा परत जातात आणि मग एक दिवस जात नाहीत. तोवर तुमचं दार उघडं असल्याचं तिला माहीत असलं पाहिजे.

राहिला तो रविवारचा प्रश्न. तो विचारेल तेव्हा दचकू नका आणि "काही नाही, सहजच" असंही म्हणू नका. त्यावरून तो घरी जाऊन तिला खोदत बसेल. सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात सांगा, "भाऊ, मंडळीतली कुठलीही बहीण माझ्याशी काय बोलते ते मी कुणालाच सांगत नाही. तुमच्या बहिणीचंही नाही सांगणार." आणि पुढच्या उपासनेआधी पाळकसाहेबांना हाच नियम सगळ्यांसाठी म्हणून जाहीर करायला लावा, म्हणजे तो फक्त तिच्यापुरता वाटणार नाही. त्याने पुन्हा गाठलं, घरापर्यंत आला किंवा धमकावलं, तर तारीख टाकून वहीत लिहा आणि विशेष कक्षातल्या ताईंना त्याच दिवशी फोन करा.